सावंतवाडी पाहायला जाताना: राजवाडा, चितारआळी आणि सीमेवरचे दोन किल्ले

मुंबईहून गोव्याला निघालेल्या गाडीला आता सावंतवाडी लागतच नाही. झारापपासून पत्रादेवीपर्यंत महामार्ग बाहेरून सरळ गेला आणि मोती तलावाला वळसा घालून जाणारी वाहतूक आटली. गावातले दुकानदार यावर कुरकुरतात, त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. पण मुद्दाम बघायला येणाऱ्याच्या हे पथ्यावर पडलं आहे. तलावाच्या काठाने आता निवांत चालता येतं.

पहिल्यांदा येणाऱ्याची फसगत मात्र ठरलेली. तो तिकीटखिडकी, बाणाच्या पाट्या, काचेची कपाटं आणि त्यावर डकवलेली माहिती शोधत राहतो. इथलं बघण्याजोगं बहुतेक सगळं अजून वापरात आहे. राजवाड्यात राजघराणं राहतं. चितारआळीत लाकूड रंगवणं हा रोजच्या पोटापाण्याचा धंदा आहे. तेरेखोलच्या किल्ल्यात चर्च आहे. जुन्या देवळांत रोजची पूजा चालते, गावाचे निवाडे होतात, कौल लागतात. तेव्हा घरातून निघताना स्वतःला एकच सांगायचं: आपण कुणाच्या तरी घरी चाललो आहोत. पुढची बरीचशी सूचना यातच आली, तरी क्रमाने सांगतो.

आधी सीमा समजून घ्या

दोन दिवस हिंडण्यापूर्वी अर्धा तास नकाशा उघडून बसा. सावंतवाडीचं जुनं नाव सुंदरवाडी, सावंत-भोसल्यांची राजधानी. दक्षिणेला पोर्तुगीज, उत्तरेला कोल्हापूरकर, समुद्राकडून डच आणि इंग्रज, अशा सगळ्यांच्या मधोमध सापडलेलं हे संस्थान. आज गोव्यात असलेले पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतांचे होते. कोल्हापूरकरांविरुद्ध पोर्तुगीजांची मदत हवी होती, तिच्या बदल्यात १७८८ मध्ये पेडणं गेलं. सीमा सरकली, माणसं तिथेच राहिली. म्हणून पेडण्याच्या आणि बांद्याच्या बोलीत आजही फार अंतर नाही, देवस्थानांचे मान अलीकडचे-पलीकडचे एकमेकांत गुंतलेले आहेत.

१८१९ मध्ये सावंतवाडीने इंग्रजांचं संरक्षण पत्करलं. १८४४ साली फोंड सावंत या सरदारांनी बंड केलं आणि ते अंगाशी आल्यावर बंडवाले गोव्याच्या हद्दीत निसटले. इंग्रजांचा हात तिथे पोचत नव्हता. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, पण गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परदेशच होता. पेडण्याला दिलेल्या मुलीला माहेरी यायचं तर देशाची हद्द ओलांडावी लागे. एवढं डोक्यात असलं की पुढचे चिरे बोलायला लागतात. नसलं तर सगळे किल्ले सारखेच दिसतात.

निघण्यापूर्वी

दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. पावसाळ्यात तलाव आणि आंबोलीचा घाट देखणा असतो, पण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि किल्ल्यांवर रान कमरेएवढं वाढतं. ज्याला फक्त राजवाडा नि चितारआळी करायची आहे त्याने पावसात खुशाल यावं.

कोकण रेल्वेचं 'सावंतवाडी रोड' स्थानक शहरात नाही, मळगावात आहे. रात्री उशिरा उतरणार असाल तर रिक्षाची सोय आधी करून ठेवा. मुक्काम तलावाच्या आसपास घेतलात तर पहिला दिवस सगळा पायी होतो. दुसऱ्या दिवसाला मात्र दुचाकी किंवा भाड्याची गाडी लागतेच. एसटीने जमतं, पण मग एक दिवस जास्त धरा.

पिशवीत काय हवं ते थोडक्यात: चटकन काढता-घालता येणाऱ्या चपला आणि किल्ल्यासाठी बंद बूट, दोन्ही. पाण्याची बाटली. खांदे झाकणारे कपडे किंवा एखादी ओढणी, देवळासाठी आणि चर्चसाठीही. दहा-वीसच्या सुट्या नोटा, कारण खाडीकाठच्या गावात मोबाइलची रेंज जाते आणि मग पैसे देताना चहावाल्यासमोर फोन हलवत उभं राहावं लागतं.

पहिला दिवस: राजवाडा

सकाळीच जा. राजवाड्याच्या वेळा सणासुदीला आणि घरच्या कार्याला बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. दुपार टाळा. इथे दुपारचं जेवण आणि त्यानंतरची वामकुक्षी हा धर्म आहे. पहिल्या खेपेला मी भर दीडला बाजारात पोचलो, तेव्हा एका दुकानदाराने फळी लावता लावता सुनावलं होतं, "ह्या वेळार इलास तर सगळा बंदच गावतला." त्यानंतर ती चूक केली नाही.

वाडा तिसरे खेमसावंत यांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ मधला. दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळवलेले ते हेच, आणि पेडणं ज्यांच्या हातून गेलं तेही हेच. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. तलावाकडून येताना तांबडा रंग, कमानी आणि मागची झाडी एकत्र दिसते, ते दृश्य आधी रस्त्यापलीकडून बघून घ्या, मग आत शिरा.

बघायला खुला असतो तो दरबार हॉल आणि त्याच्या लगतचा भाग. सिंहासन, घराण्यातल्या माणसांची चित्रं, जुन्या वस्तू. बहुतेक जण इथे दहा मिनिटं फिरतात, सिंहासनासमोर फोटो घेता येतो का विचारतात आणि निघतात. तुम्ही सिंहासन लवकर उरका. जिथे कारागीर खाली मान घालून बसलेले दिसतील तिथे जा. या राजवाड्याचं खरं धन तिथे आहे.

ते रंगवत असतात गंजिफा. गोल पानं, पत्त्यांच्या आधीचे पत्ते म्हणा. हा खेळ इराणी वळणाचा, मुघलांबरोबर इकडे रुळला. मुघल गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पानं असतात. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले: दर अवताराची बारा पानं, एकूण १२०. बारांत एक राजा, एक प्रधान, उरलेली एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू.

खेळाची गंमत पुढे आहे. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. नंतरच्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी कवडीमोल. खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची उतारी, दिवे लागल्यावर मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. राम सूर्यवंशी आणि कृष्ण मध्यरात्री जन्मलेला, हे शाळेत न शिकताही माणसाच्या बोटांत भिनावं अशी ती रचना.

एकेक पान करायला वेळ किती जातो ते समोर बसलं की कळतं. थर एकमेकांना चिकटवायला चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, तो गुळगुळीत होईपर्यंत घोटायचा, मग रंग, बारीक कुंचल्याची रेघ, शेवटी लाखेचा हात. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जवळजवळ बुडाली होती. पुंडलिक चितारी नावाचे वयोवृद्ध कारागीर ती जाणत होते. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि वाड्यातच कारखाना सुरू केला. राणीने दरबारात जमिनीवर बसून कुंचला धरला, म्हणून आज तुम्हाला तिथे पानं दिसतात.

कारागिराशी बोलायचं कसं? रेघ पुरी होईपर्यंत थांबा. "काका, ह्या रंगात एक्का मोठा की लहान?" एवढं विचारा. फोटो काढू का हा प्रश्न पहिला आला की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच मिळतं. एक्क्याचा प्रश्न आला की मान वर होते. मला या एका प्रश्नावर तासभर मिळाला होता, आणि शेवटी फोटोसाठी त्यांनीच पान उजेडात धरलं.

संच घ्यायचा असेल तर पूर्ण दशावतारी संच महाग पडतो हे मनाशी धरून जा, आणि त्यात घासाघीस करू नका. खिसा लहान असेल तर सुटी पानं किंवा त्याच हाताने रंगवलेली एखादी डबी घ्या.

चितारआळी

राजवाड्यातून बाहेर पडलं की चालत काही मिनिटांवर. दुकानांच्या दारात लाकडी आंबे, काजू, केळी, वांगी टांगलेली किंवा टोपलीत रचलेली, लांबून खरी वाटावीत अशी. भातुकली, पाट, देव्हारे, चौरंग. हलका, मऊ पांगारा या कामाला पूर्वापार वापरात आहे. हल्ली बाहेरून आलेला माल आणि प्लॅस्टिकही याच दुकानांत शेजारी मांडलेलं असतं, तेव्हा "हे इथलंच का?" असं सरळ विचारा. विचारण्यात कुणाला राग येत नाही. मागच्या पडवीत काम चालू असेल तर ते बघायला मिळतं का तेही विचारा. उंबऱ्याच्या आत बोलावलं तर चपला काढायच्या, हे सांगायला नको.

संध्याकाळ तलावाच्या काठी घालवा. आणि कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस असतील तर आज कुठल्या गावची जत्रा आहे ते चहाच्या टपरीवर विचारा. जत्रा म्हणजे रात्री दशावतार. सकाळी जे अवतार पानांवर बघितलेत तेच रात्री पेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीत समोर उभे राहतात. संहिता लिहिलेली नसते. राजा आणि राक्षस ऐन वेळी शब्दाला शब्द भिडवत जातात. मालवणी कानाला नवी असली तरी पाऊण तासात कळायला लागते. नाटक उशिरा सुरू होतं, म्हणून जेवून, थोडं झोपून जा आणि अंगावर घ्यायला काहीतरी न्या. देवळाच्या आवारात मागे उभे राहून रात्र काढण्यापेक्षा तिथल्याच एखाद्या वहिनींना "इथे बसू काय?" विचारलंत तर चटईचा कोपरा मिळतो.

दुसरा दिवस: वेंगुर्ल्यावरून खाली तेरेखोलपर्यंत

लवकर निघा. आधी वेंगुर्ला. डचांनी १६३७ च्या सुमारास इथे वखार घातली. मसाले हे कारण होतंच, पण इथून गोवा जवळ. पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच गलबतांना दाणापाणी याच बंदरातून मिळे. वखारीतली माणसं आसपासच्या राजकारणाचे कागदही पाठवत. १६७४ च्या राज्याभिषेकाची खबर इथला प्रमुख अब्राहम लफेबर याने बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तातल्या डच मुख्यालयाला, कळवली, आणि ते पत्र आज इतिहासाचं साधन मानलं जातं. वखारीच्या उभ्या भिंती अजून आहेत, पण इमारत ढासळलेली आहे. आतल्या मजल्यांच्या नादाला लागू नका. बाहेरून चारी बाजूंनी फिरा, भिंतींची जाडी बघा आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे ते ताडून पाहा. वीस मिनिटं पुरे. १८१२ मध्ये वेंगुर्ला सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेलं. बंदर आणि बाजारपेठेच्या जुन्या वळणावर तो काळ दिसतो, तो गाडीतूनही दिसतो.

तिथून किनाऱ्याने शिरोडा. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. रस्त्याकडेची मिठागरं बघताना गाडी थांबवायची तर बांधावर चढू नका, तो बांध कुणाच्या तरी हंगामाची मेहनत असते. चहा इथेच घ्या, पुढे दुकानं विरळ होतात.

मग रेडी. गावात दोन गोष्टी आहेत. एक गणपतीचं देऊळ. द्विभुज मोठी मूर्ती, १९७६ साली खाणीच्या जागेत सापडली. भाविकांची गर्दी असते, ओळीत उभं राहून दर्शन घ्या. दुसरा यशवंतगड, आणि तिथे वेळ काढून ठेवा.

यशवंतगड अवघड नाही. खाडीच्या मुखाशी ठेंगण्या टेकडीवर आहे, धाप लागायच्या आत माणूस दारात पोचतो. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोलत नाही असा माझा अनुभव. वडाच्या मुळांनी भिंती अशा कवेत घेतल्या आहेत की मूळ काढलं तर चिरा पडेल आणि चिरा काढला तर झाड. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आलोर्ना याने तेरेखोल आणि हा गड दोन्ही घेतले. गड पुढे पुन्हा सावंतांकडे आला, तेरेखोल कायमचं गेलं. १८१९ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी मोर्चे लावून हाही घेतला आणि त्यापाठोपाठ संस्थानाचा तह झाला. म्हणजे वर सांगितलेल्या सीमेच्या गोष्टीतलं शेवटचं पान या चिऱ्यांवर पडलं.

इथे तीन गोष्टी पाळा. मुळांवर किंवा तटाच्या कडेवर चढून फोटो काढू नका, जांभा वरून घट्ट दिसतो आणि आतून भुसभुशीत असतो. गवतात आणि चिऱ्यांच्या फटीत हात घालू नका. या जांभ्याच्या मुलखात फुरसं (विषारी साप) सर्रास आढळतं आणि ते मातीच्याच रंगाचं असतं. तिसरं, ऊन कलायला लागलं की उतरा. एखादा गुराखी भेटला तर त्याला वाट विचारा, पाटीपेक्षा तो भरवशाचा.

रेडीहून तेरेखोल गाडीने अगदी जवळ. पण सीमा कुठे ओलांडली हे लक्षात येत नाही. नदीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या काठावर, गोव्याचा हा एवढासा तुकडा अडकून राहिला आहे. नदी ही सीमा असं शाळेत शिकलेलो आपण, इथे ती सीमा एक उडी मारून अलीकडे येते. कारण तेच: किल्ला ज्याच्याकडे त्याची खाडी, आणि किल्ला १७४६ पासून पोर्तुगीजांकडे. बांधला होता सावंतांनी.

किल्ला लहान आहे. मधोमध सेंट अँथनीचं चर्च, भोवती तटाला लागून खोल्या. या खोल्यांतून बरीच वर्षं हॉटेल चाललं, त्यामुळे आत कुठवर सोडतात ते दारावर असेल त्याला आधी विचारा. चर्च बहुतेक वेळा बंद असतं. उघडं मिळालं तर टोपी काढा, मागच्या बाकावर बसा, प्रार्थना चालू असेल तर फिरू नका. बंद असलं तरी तटावर थांबा. समोर केरीचा किनारा, मध्ये खाडी, डावीकडे नदी आत वळत जाते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहींच्या तुकडीने याच किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला आणि ते पकडले गेले. पुढल्या वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबातून आलेला तरुण करनैलसिंग बेनिपाल त्यात गेला. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक बांद्यापुढे, गोव्यात शिरताना लागतं. वेळ असेल तर परतीच्या दिवशी तिथे पाच मिनिटं उतरा. मी अनेकदा तसाच पुढे गेलो होतो, त्याची नंतर लाज वाटली.

परत येताना

तेरेखोलहून केरीला फेरीबोट जाते. मजा म्हणून पलीकडे जाऊन या, पण ओहोटी फार असली की बोट खोळंबते. पलीकडे अडकलात तर गाडी इकडे आणि तुम्ही तिकडे. काठावरच्या माणसांना भरती कधी आहे ते विचारूनच पाय टाका.

गोव्याच्या हद्दीत दारू स्वस्त मिळते आणि 'एकच बाटली आहे' ही सबब परवान्याशिवाय चालत नाही. इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्काचा तपासणी नाका आहे, आडवाटांनाही गाड्या थांबवतात. किल्ले बघायला आलेल्या माणसाने तासभर नाक्यावर उभं राहण्यात काय हशील?

एसटीने आला असाल तर शेवटची सूचना. रेडीत किंवा शिरोड्यात पोचल्या पोचल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा, आणि ती कंडक्टरला विचारा. संध्याकाळी समोरून येणारी एसटी बघून निर्धास्त होऊ नका. ती बहुधा वस्तीची गाडी असते. रात्री तिथेच मुक्काम करते आणि सावंतवाडीला निघते ती दुसऱ्या दिवशी पहाटे.